रंगाचं कूळ

यादवकाळावरच्या कादंबरीत एखादा सरदार तपकिरी शेला पांघरून आला, की मी त्या ओळीवर थांबते. शेल्याचा रंग चुकलेला नसतो. खैराच्या कातात रंगवलेलं कापड तेव्हाही असणार आणि आजच्या डोळ्याला ते तपकिरीच दिसलं असतं. चुकतं ते नाव. तपकीर तंबाखूची, आणि तंबाखू इकडे आली ती अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या जहाजांमागोमाग. अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरला गेला असताना तिथे त्याला तंबाखू दिसली. १६०४-०५ च्या सुमारास त्याने ती नेऊन बादशहापुढे ठेवली, आणि दरबारात सगळे त्या नव्या वस्तूकडे कसे बघत राहिले ते लिहूनही ठेवलं. देवगिरीचं राज्य बुडून तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. त्या राज्यातला माणूस आपल्या शेल्याला काथी म्हणेल, पिंगट म्हणेल, कपिल म्हणेल. तपकिरी म्हणणार नाही.

गुलबक्षीचंही तेच. संध्याकाळी उमलणारं हे फूल आपल्या परसात इतकं रुळलंय की ते परकं वाटत नाही, पण तेही मूळचं अमेरिकेतलं. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या कोणीही गुलबक्षी रंगाचं वस्त्र नेसलं नव्हतं, कारण ते नाव ज्यावरून पडलं ते फूलच त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

रंगांच्या नावांना अशी जन्मवेळ असते, आणि गावही असतं. ऐतिहासिक नाटकाचे कपडे शिवून घेणारे, संग्रहालयातल्या वस्त्राखाली पाटी लिहिणारे, जुन्या कागदांतल्या कापडाच्या याद्या वाचणारे, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: हा रंग नेमका कोणता? मग फोनवर रंगांचा तक्ता उघडतो आणि 'कुसुंबी' शेजारी एक चौकोन सापडतो. मला या चौकोनाचा भरवसा वाटत नाही. जुनं नाव छटा दाखवत नाही, ते कूळ सांगतं. कापड कशात बुडवलं, कशासारखं दिसलं, कुठल्या मागावर विणलं, यांपैकी काहीतरी एक त्या नावात असतं. ते कोणतं हे आधी ओळखायचं. छटा त्यानंतर.

माझ्या टेबलावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश कायम असतो, आणि त्याच्या तारखेचा मला मोठा आधार वाटतो. पहिली आवृत्ती १८३१ ची, वाढवलेली दुसरी १८५७ ची. तिच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, लंडनमधल्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला डांबरातल्या द्रव्यांवर प्रयोग करताना अचानक जांभळा रंग हाती लागला होता. कारखान्यातल्या रंगांचं युग तिथून सुरू झालं. आपल्या बाजारात ते रंग पोचायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे त्या कोशात कापडाच्या रंगाचं जे नाव सापडतं, त्यामागचा रंग मुळ्या, साली, फुलं, पानं, किडे किंवा माती यांच्यातून आलेला असणार हे धरून चालता येतं. शोधाचं क्षेत्र एका फटक्यात लहान होतं.

कुसुंबीपासूनच सुरुवात करते, कारण हा रंग मला सगळ्यांत जास्त शिकवून गेला. कुसुंबा म्हणजे आपली करडई. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे तेलासाठी पेरतात, कोवळ्या पानांची भाजी करतात. त्याच काटेरी झाडाच्या पाकळ्यांवर एके काळी राजवाड्यांचे सण साजरे होत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा भरपूर आणि पाण्यात सहज उतरणारा. तांबडा मात्र वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि साध्या पाण्याला दाद न देणारा. रंगारी वाळलेल्या पाकळ्या फडक्यात बांधून पाण्यात तुडवत राही, पिवळेपणा निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग त्या पाकळ्या पापडखार किंवा सज्जीखार घालून मळायच्या. खार लागला की दडून बसलेला तांबडा अंश पाण्यात उतरतो. ते पाणी गाळून त्यात लिंबाचा रस किंवा चिंचेचं पाणी घालायचं. आंबटपणाने तो तांबडा रंग पाण्यात टिकत नाही, तो धाग्यावर जाऊन बसतो. तुरटी लागत नाही, उकळी लागत नाही, उलट उष्णतेने हा रंग बिघडतो.

एकाच घाण्यातून पुढे छटांची अख्खी उतरंड निघे. पहिल्या दाट पाण्यात बुडालेलं कापड भडक कुसुंबी. त्याच पाण्याचा जोर कमी होत गेला की गुलाबी, मग कांद्याच्या सालीसारखा प्याजी, आणि अगदी शेवटी जेमतेम लाली. थोडी हळद मिळवली की नारिंगीकडे झुकणारा. कागदात 'कुसुंबी' लिहिलेलं असेल तर ही सगळी उतरंड डोळ्यांसमोर ठेवायला हवी. आजच्या तक्त्यातला एक चौकोन तिथे अपुरा पडतो.

या रंगाचा दुसरा गुण त्याच्या रसायनातच लिहिलेला आहे. खाराने जो पाण्यात उतरतो, तो खाराने कापडावरूनही उतरणार. धोब्याचा खार लागला की कुसुंबी गेला. उन्हातही तो टिकत नाही. म्हणून कुसुंबी पागोटं आणि कुसुंबी ओढणी सणाची असे, आणि विटली की परत रंगाऱ्याकडे जाई. कालिदासाच्या ऋतुसंहारात वसंतात कुसुंब्याने रंगलेली रेशमी वस्त्रं येतात, ती त्या ऋतूपुरतीच शोभणारी म्हणून येतात असं मला रंगाऱ्याची कृती समजल्यापासून वाटत आलंय.

टिकाऊपणाचं हे ज्ञान एका अनपेक्षित ठिकाणी नोंदलेलं आहे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात प्रेमाच्या पहिल्या अवस्थेचे तीन प्रकार केलेत, आणि त्यांना नावं दिलीत रंगद्रव्यांची. नीलीराग फारसा झळकत नाही, पण मनातून जात नाही. कुसुंभराग झळकतो आणि निघून जातो. मंजिष्ठाराग झळकतोही आणि टिकतोही. काव्यशास्त्राच्या पंडिताने केलेलं हे वर्गीकरण आजच्या कुठल्याही वस्त्रप्रयोगशाळेत खरं ठरेल. नीळ धुण्याला आणि उन्हाला पुरून उरते, कुसुंबा हरतो, मंजिष्ठा तुरटीच्या आधाराने चांगली उभी राहते. वाचकांच्या अंगावरच्या कपड्यांमुळेच ही उपमा त्यांना न सांगता कळत असणार.

आता तांबडा. जुन्या कागदांत हा शब्द सतत भेटतो आणि सतत फसवतो. तांबडा म्हणजे तांब्याचा. तांबडी माती, तांबडा भोपळा, पहाटे फुटतं ते तांबडं, हे सगळं एकाच शब्दात मावतं. तेव्हा 'तांबडे पागोटे' वाचून कुंकवाचा रंग काढायची घाई करू नये. मी अशा वेळी आधी धागा विचारते. सुती कापड असेल तर दख्खनमध्ये तांबडा रंग बहुतेक आलाचा किंवा मंजिष्ठेचा. आल म्हणजे बारतोंडीच्या कुळातलं झाड, खानदेशात आणि वऱ्हाडात त्याची लागवड होई. दोन-तीन वर्षं वाढवून मुळ्या खणायच्या. रंग मुळीच्या सालीत असतो, त्यामुळे बारीक मुळ्यांना भाव जास्त. कापड आधी तेल-खारात मुरवायचं, मग हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत. हिरड्यातला तुरट अंश सुताला धरतो, तुरटी त्याला धरते आणि रंग तुरटीला धरतो. अशी साखळी जुळली म्हणजे वर्षानुवर्षं धुतलं तरी न हटणारा, किंचित विटकरीकडे झुकणारा दाट तांबडा येतो. खारवा नावाचं जाड तांबडं कापड याच रंगाचं. व्यापाऱ्यांच्या वह्यांना, गाद्यांना, पडद्यांना ते वापरत, कारण ते टिकत असे.

रेशीम आणि लोकर असेल तर गोष्ट बदलते. तिथे किड्यांचे रंग सुरेख चढतात. लाखेच्या किड्यापासून लाखी, आणि त्याच घराण्यातला पायाला लावायचा अळता. किरमिजीही किड्याचाच. संस्कृतातला कृमी आणि फारसीतला किर्म हे एकाच मुळाचे शब्द, आणि इंग्रजीतले क्रिम्झन व कार्माइन हे याच शब्दाचे दूरचे नातलग. पुढे मेक्सिकोतला दुसराच किडा जगाच्या बाजारात आला, रंग देण्यात जुन्याला मागे टाकून त्याची जागा घेऊन बसला, आणि नाव मात्र किरमिजीच राहिलं. म्हणून सोळाव्या शतकाआधीचा किरमिजी आणि नंतरचा किरमिजी यांचं कूळ वेगळं.

काषाय हा शब्द मला विशेष आवडतो. आपण त्याला भगव्याच्या शेजारी बसवतो, पण कषाय म्हणजे तुरट काढा. साली उकळून केलेल्या काढ्यात बुडवलेलं ते काषाय. हे नाव कृतीचं आहे, त्यामुळे त्यात पिवळट, तांबूस, तपकिरी असे कितीतरी रंग येतात. भगवा गेरूचा, म्हणजे मातीचा. आणि केशरी? केशराने कापड रंगवणं कोणाला परवडणार! पारिजातकाच्या देठांचा, पळसाच्या फुलांचा, नाहीतर कुसुंब्यात हळद मिळवून केलेला रंगही केशरी नावाने चाले. माती, काढा आणि फूल यांचे तीन रंग आज आपण एकाच नावाखाली ढकलतो, आणि मंचावर साधू, योद्धा आणि नवरदेव एकाच थानातलं कापड नेसून उभे राहतात.

इथवरची नावं रंगाऱ्याच्या घरची. विणकराच्या घरची नावं वेगळ्या स्वभावाची असतात, आणि ती पैठणला भेटतात. माधवराव पेशव्यांच्या एका पत्रात आसावली दुपट्ट्यांची मागणी आहे, तांबडे, हिरवे, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी. ही नावं सरळ आहेत. पण पैठणीच्या रंगांची जुनी यादी पाहिली की आपली रंगांची व्याकरणं डळमळतात. गुजरी म्हणजे काळा आणि पांढरा. मिराणी म्हणजे काळा आणि तांबडा. पासिला म्हणजे तांबडा, गुलाबी आणि हिरवा यांचं मिश्रण. एका नावात दोन-तीन रंग कसे? कारण हे नाव धाग्यांच्या जोडीचं आहे. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि पदर हलला की रंगही हलतो. धूपछाव म्हणतात ते हेच. त्याच यादीत फिरोजी हा पांढरा, तांबडा आणि हिरवा असा सांगितलेला आहे, तर इतरत्र सगळीकडे फिरोजी म्हणजे पिरोज्याच्या खड्यासारखा निळसर हिरवा. दोन्ही बरोबर. पैठणचा कागद असेल तर पैठणचा अर्थ लावावा लागतो.

या यादीतली एकरंगी नावंही वाचण्यासारखी आहेत. राघू म्हणजे पोपटी. शिरोदक म्हणजे शुभ्र, त्यात क्षीर आणि उदक, दूध आणि पाणी दोन्ही ऐकू येतात. काळी चंद्रकळा म्हणजे काळ्याभोर अंगाला तांबडा काठ. मोतिया फिकट गुलाबी आहे, आपण समजतो तसा पांढरट नाही. पोफळी पिवळा आहे. अडकित्त्याने कातरलेली सुपारीच फक्त पाहिलेल्या माणसाला हे पटणार नाही. आगरात पोफळीला लोंबणारा पिकलेला घड पाहिलेल्याला लगेच पटेल. आणि नेरळी म्हणजे फिकट जांभळा. या शब्दापाशी मी बराच काळ अडले होते. कन्नडमध्ये जांभळाला नेरळे म्हणतात, हे कळल्यावर गाठ सुटली. आपण जांभळावरून जांभळा म्हणतो, त्यांनी नेरळेवरून नेरळी म्हटलं. फळ एकच आहे, शब्द सीमेपलीकडून गोदाकाठी आलाय, आणि इरकलपासून पैठणपर्यंत माणसं, सूत आणि साड्या कशा फिरत असतील याची खूण त्यात उरली आहे असं मी मानते.

डाळिंबीबद्दल एक सांगायला हवं. डाळिंबी रंग डाळिंबातून येत नाही. डाळिंबाची साल उकळली तर पिवळा निघतो, त्यात हिराकस घातला तर हिरवट काळा. डाळिंबी हे नाव दाण्याच्या दिसण्यावरून पडलंय, करायचा तो लाखेने किंवा मंजिष्ठेने. कुसुंबी नाव घटकाचं, डाळिंबी दिसण्याचं. एकाला रंगाऱ्याच्या हंड्यात शोधायचं, दुसऱ्याला झाडावर.

काही नावं तर रंग सोडून चक्क कापडात शिरली. पितांबर म्हणजे पिवळं वस्त्र, हे शाळेतल्या समासापासून आपल्याला पाठ. पण येवल्याच्या विणकराकडे जांभळा पितांबर मिळतो, तांबडा मिळतो, हिरवा मिळतो. सोवळ्याच्या रेशमी वस्त्राचंच ते नाव झालं. त्यामुळे 'पितांबर नेसून पूजेला बसले' या वाक्यावरून रंग ठरवता येत नाही.

आता प्रत्यक्ष कापड समोर असेल तेव्हाचा धोका. कापड म्हातारं होताना सगळे रंग सारख्या वेगाने म्हातारे होत नाहीत. हिरवा हा त्याचा सगळ्यांत मोठा धडा. झाडाझुडपांनी वेढलेल्या या देशात कापडावर टिकेल असा हिरवा रंग थेट देणारी वनस्पती रंगाऱ्याला मिळाली नाही. तो आधी कापड निळाऱ्याकडे देई. जमिनीत पुरलेल्या रांजणात नीळ आंबवलेली असे, टाकळ्याचं बी आणि चुना घालून. त्यात बुडवलेलं कापड बाहेर काढताना पिवळट हिरवं दिसतं आणि वारा लागला की बघता बघता निळं होतं. एक बुडी दिली तर अस्मानी, आणखी दिल्या तर निळा, देतच राहिलं तर काळ्याशी भिडणारा. या निळ्यावर हळदीचा किंवा डाळिंबसालीचा पिवळा चढवला की हिरवा. पुढे शंभर-दीडशे वर्षांत वरचा पिवळा उडून जातो आणि खालचा निळा राहतो. युरोपातल्या जुन्या विणलेल्या भिंतपडद्यांवर झाडांची पानं निळी दिसतात ती याच कारणाने. आपल्याकडचा एखादा निळा काठ मुळात राघू असू शकतो. मळकट पांढरा शेला मुळात कुसुंबी असू शकतो. आणि छापील कापडावर काळ्या रेघांच्या जागी बारीक फटी दिसल्या तर तिथे हिराकसाचा काळा होता. लोखंडाचा अंश सुताला आतून खात जातो.

चित्रांचा आधार घ्यायचा तर तोही जपून. चित्रकाराचा हिंगूळ आणि रंगाऱ्याचा आल या वेगळ्या वस्तू. हिंगूळ कागदावर तीनशे वर्षं धगधगत राहतो, म्हणून चित्रातल्या पागोट्याइतकं खरं पागोटं भडक होतं असं होत नाही.

पर्किननंतर मात्र सगळी घडी मोडली. १८५९ मध्ये उत्तर इटलीतल्या माजेंता गावाजवळ लढाई झाली, आणि त्याच वर्षी निघालेल्या नव्या झगझगीत गुलाबी-जांभळ्या रंगाला त्या गावाचं नाव मिळालं. आपण ज्याला राणी रंग म्हणतो त्याचा तो झगझगाट कृत्रिम रंगांनी आणला. पेशवाईतल्या राणीला तो शोभला असता, पण तो तिला मिळाला नव्हता. दूरदर्शन मालिकांतल्या पेशवीण बायकांना तो नेसवलेला दिसला की मला वाईट वाटतं, कारण कुसुंब्याच्या पहिल्या पाण्यातला गुलाबी त्याहून कमी सुंदर नव्हता. १८६८ मध्ये जर्मनीत मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीतला मुख्य रंग, ॲलिझरिन, प्रयोगशाळेत तयार झाला, पुढच्या वर्षापासून तो बाजाराच्या वाटेला लागला आणि आलाची शेतं ओस पडत गेली. १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ आली. नावं तीच राहिली, त्यांच्या मागची झाडं गेली.

या उलथापालथीच्या अगदी उंबरठ्यावरचा एक साक्षीदार आपल्याला लाभलाय. जॉन फोर्ब्स वॉटसनने १८६६ मध्ये भारतीय कापडांच्या नमुन्यांचे अठरा खंड तयार केले. त्यांत सातशे तुकडे प्रत्यक्ष कापून चिकटवलेले आहेत, लुगडी, पागोटी, मलमल, सगळं. असे वीस संच झाले, तेरा ब्रिटनमध्ये राहिले आणि सात भारतात आले. हेतू ब्रिटिश गिरण्यांना आपलं कापड नक्कल करायला शिकवणं हा होता, आणि तो वाचताना आजही टोचतो. पण बंद पुस्तकात उन्हापासून वाचलेले ते तुकडे जुन्या नावांना समोर ठेवायला आज फार मोलाचे आहेत.

आता काही मिलिमीटरचा धागा विरघळवून त्यातली द्रव्यं वेगळी करता येतात. मंजिष्ठेत मुंजिस्टिन आणि पर्प्युरिन सापडतं, पहिल्याचं तर नावच मंजिष्ठेवरून पडलंय. आलात मोरिंडोन. नुसतंच शुद्ध ॲलिझरिन हाती आलं तर ते कापड १८६९ नंतर रंगलं. पण धागा कापण्याआधी करायची एक गोष्ट साधी आहे आणि ती कोणालाही करता येते. लुगडं उलटं करावं. काठ जिथे दुमडून शिवलाय तिथली शिवण हलकेच उलगडून बघावी, आणि ज्या घडीत ते वर्षानुवर्षं पडून होतं त्या घडीच्या आतल्या बाजूला डोळा लावावा. बाहेर निळा दिसणारा काठ तिथे अजून राघू असतो.